मेरुएर्तने न सांडलेला चहा

मेरुएर्तने नवऱ्याच्या अंगावर आजवर चहाचा थेंबही सांडला नव्हता; पण कझाकस्तानातल्या अतिराऊ शहराच्या त्या गल्लीत कुणालाही विचारा, तिने त्याला दोनदा भाजून काढलंय. एकदा हात, एकदा पाय. तिचा नवरा एडिल खरा भाजला तो तेलशुद्धीकरण कारखान्यात, वाफेच्या नळ्यांखाली. पण अपघाताची नोंद झाली की सगळ्या पाळीचा बोनस बुडतो, आणि ज्याच्यामुळे बुडतो त्याला सोबतीच जगू देत नाहीत. म्हणून सांगायला अपघात घरी होतात. आणि घरी चहा ओतते कोण? सून.

शेजारणी तिच्या चहाच्या समोवारपासून हातभर लांब बसत. "लेकराला मागे घे गं, मेरुएर्त ओततेय!" सासू कान्शाइम तर चारचौघांत म्हणायची, "माझ्या हातच्या चहाला लोक नदीपलीकडून यायचे. हिला धड चहाची वाटी धरता येत नाही." एडिल मान खाली घालून पाव कुरतडायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! मेरुएर्तला आता रागाचाही कंटाळा आला होता.

यंदा त्याची मान आणि खांदा भाजला. गळतोय, गळतोय म्हणून जो व्हॉल्व्ह तो वर्षभर दाखवत होता, तोच फुटला. संध्याकाळी कारखान्याचा फोरमन, बोलात, मटण घेऊन दारात हजर.

"वहिनी, तेवढं नेहमीचं..."

"नाही."

"अहो, एक सांगितलं की मागचंही उकरतील. पोरांच्या पोटावर पाय येईल."

"आणि माझ्या तोंडाला काळं फासलंय त्याचं काय? पुढच्या महिन्यात लेकीच्या सोयरिकीला पाहुणे येतायत. माझ्यापुढे वाटी कोण धरेल? बोलातभाऊ, एकदा तुमच्या बायकोच्या हातून सांडू द्या की!"

पालथा पडलेला एडिल उशीतूनच म्हणाला, "तू म्हणशील तसं." म्हणजे पुन्हा सगळं तिच्याच गळ्यात. तिला रडू कोसळलं.

तेव्हा सासू कोपऱ्यातून उठली आणि सुनेला टेकून बसली.

"आत्ताचा आणि मागचाही मीच सांडला म्हणून सांग, बोलात. म्हातारीचा हात कापतो, पटेल लोकांना."

"आई, तुम्ही? तुम्हीच तर मला चारचौघांत..."

"मग काय करू? सासूच बोलली नसती तर खरं कुणाला वाटलं असतं? एडिलचा बाप असाच भाजून यायचा तेव्हा माझी सासूही मला अशीच बोलायची. मला वाटायचं, कैदाशीण आहे मेली. मरताना सांगितलं तिने."

बोलातच्या जिवात जीव आला. व्हॉल्व्हचं बघतो म्हणाला आणि निघाला.

पाहुणे आले त्या दिवशी मेरुएर्त ओतत होती, व्याह्यांच्या वाट्या बिनघोर पुढे येत होत्या. कान्शाइमने किटलीला हात लावला नाही. सगळ्यांना दिसेल असा आपला धडधाकट हात मांडीवर ठेवून ती तो मुद्दाम थरथरवत बसली होती.