बदकांचे आठ फोटो

भूमच्या बाजूला नवा तलाव झाला तेव्हा तिथं ओव्हरसियर म्हणून मला पाठवलं. मराठवाडा महाराष्ट्रात येऊन थोडीच वर्षं झाली होती. तलाव म्हणजे मातीचा लांबलचक बांध, अलीकडं पाणी, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या बाभळी, आणि बांधाच्या टोकाला पत्र्याची एक खोली. त्या खोलीत मी. काम संपलं तसे मजूर आपापल्या गावी गेले. दिवसा एक म्हातारे चौकीदार असायचे, त्यांना मी चाचा म्हणायचो. दिवस कलला की तेही घरची वाट धरायचे. मग बोलायला कंदील तेवढा उरायचा.

बायको माहेरी होती, ईट गावाला. आमचं पहिलं मूल दोन महिन्यांचं असतानाच वारलं आणि ती जी माहेरी गेली ती परत आलीच नाही. भांडण नव्हतं, बोलणंच नव्हतं. सणावाराला मी जायचो, जावई म्हणून पाटावर बसून जेवायचो आणि तोंड पुसून परत यायचो. तळ्यावर करमतं का म्हणून कुणी विचारलं तर सांगायचो, तिथं काय, माणसांची नुसती वर्दळ. खोटं बोलायला मला पहिल्यापासून बरं जमतं.

त्या दिवाळीत सासूबाईंनी विचारलं, "तुमच्या तळ्यावर हाय तरी काय?"

"थंडीत बदकं येतात. पांढरे कुरव येतात," मी म्हणालो.

बायको शेजारी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुरव म्हंजी कसलं?"

कित्येक महिन्यांत तिनं मला विचारलेला तो पहिला प्रश्न. आणि मी काय सांगावं? "पांढरं असतं," म्हणालो. माझ्यासारखा मठ्ठ मीच. ती पुन्हा भाजीकडं वळली.

म्हणून फोटोचं खूळ डोक्यात शिरलं. तिला कुरव दाखवायचा. एकदा बघितला तर आणखी काहीतरी विचारेल, विचारता विचारता कदाचित येईलही. बार्शीच्या एका मित्राचा डबा कॅमेरा मागून आणला. रोलात फोटो आठ. मित्रानं एकच मंत्र दिला, सूर्य पाठीशी ठेव आणि श्वास रोखून धर.

थंडी पडली आणि पक्षी आले. बदकं पाण्याच्या मधोमध बसायची, कुरव त्यांच्या डोक्यावरून फिरायचे आणि मधूनच पाण्याला चोच लावून वर उठायचे. मी उजाडताच मफलर गुंडाळून काठावर जायचो. कॅमेरा पोटाशी धरून पाऊल पाऊल पुढं सरकायचो. मी एक पाऊल टाकलं की बदकं दहा हात लांब. चाचा बांधावर बसून गंमत बघायचे.

"बदक के वास्ते बंदूक होना साब," ते म्हणायचे. "फोटो खाके पेट भरता क्या?"

मला राग यायचा, पण ते हसले की बरंही वाटायचं. तेवढंच दिवसभरातलं हसणं.

रोल संपायला पौष उजाडला. बार्शीच्या फोटोवाल्यानं धुऊन दिला आणि विचारलं, "साहेब, लग्नातला नाही वाटतं हा?" मी तिथंच फोटो पाहिले. आठही फोटोंत पाणीच पाणी, आणि त्यावर तीळ सांडल्यासारखी बदकं. कुरवांचे तर दोन-तीन पांढरे ओरखडे. स्पष्ट आलं होतं ते एकच. प्रत्येक फोटोत खाली माझी सावली. लांबडी, काडीसारखी, डोक्याला मफलर, दोन्ही कोपरं बाहेर आलेली. सूर्य पाठीशी ठेवायचा ना!

संक्रांतीला तरीही घेऊन गेलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळं घर फोटोंभोवती जमलं.

"जावईबापू, ह्यात बदकं कुठं हायती?" सासऱ्यांनी विचारलं. "आमाला तर नुसतं टिपकं दिसाया लागलेत."

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. ती चुलीपाशीच होती, बघायलाही आली नाही.

दुपारी सगळे इकडंतिकडं झाले तेव्हा ती माजघरात आली. फोटो उचलून एकेक बघू लागली. मी घाईनं बोट ठेवलं, "हा बघ, हा कुरव."

तिचं लक्ष तिकडं नव्हतं. "समद्यात तुमीच हाय की," ती म्हणाली.

"सावली आहे ती."

"कळतंय मला." तिनं आठही पुन्हा पाहिले. "दुसरं कुणीच न्हाय का तिथं?"

"चाचा असतात ना."

"रातीला?"

मला खोटं बोलता आलं नाही. 

तिनं फोटो नीट एकावर एक रचले. मग म्हणाली, "म्या बी इथं एवढ्या माणसांत एकलीच हाय. एकलंच ऱ्हायाचं, तर तिथं ऱ्हाऊ दोघं."

एवढं बोलून ती आत गेली. मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. नेमके तेव्हाच सासरे आत आले. त्यांना वाटलं, आपण हसलो म्हणून जावई रुसला. बिचारे फार ओशाळले. चष्मा लावून माझ्याजवळ टेकले आणि एक फोटो डोळ्यांशी धरला.

"दिसतंय की बदक! कोण म्हणतंय दिसत न्हाय?" ते म्हणाले. त्यांचं बोट बाभळीच्या एका अर्धवट बुडालेल्या खुंटावर होतं. "हे काय, झ्याक बसलंय पाण्यात."

"व्हय मामा," मी डोळे पुसत म्हणालो, "तेच बदक."

आतल्या खोलीत ट्रंक ओढल्याचा आवाज झाला.