पद्मिनीचं माफीपत्र

समोरच्या इमारतीतली पद्मिनी इथे जपानात, कावासाकी शहरातल्या एका कंपनीत सहा वर्षं धातूंचे नमुने तपासते. तिचं कंत्राट सप्टेंबरअखेर संपतंय आणि पुढे वाढवणार नाहीत, असं कळवलंय. ते तिने तक्रार केली म्हणूनच, हे मला माझ्या दत्तगुरूंइतकं खात्रीने माहीत आहे. पण सिद्ध करायचं कसं?

फेब्रुवारीत तिचे विभागप्रमुख सगळ्यांदेखत म्हणाले, "भारतीयांच्या हाताला मसाल्याचा वास असतो, तुम्ही यंत्राला हात लावू नका." ही बाई हातमोज्यांशिवाय कशाला शिवत नाही. तिने व्यवस्थापकांकडे जाऊन तोंडी तक्रार केली आणि संध्याकाळी माझ्याकडे आली. मी लागले शहाणपण शिकवायला. म्हटलं, "अगं, इथे आधी माफी मागून टाकायची. मी कचरा चुकीच्या दिवशी ठेवला तेव्हा शेजारणीकडे मिठाईचा डबा घेऊन गेले, मिटलं." तिने दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांना मेल केला: काल माझ्या बोलण्याने आपल्याला त्रास झाला, क्षमस्व.

एप्रिलपासून तिचा सूक्ष्मदर्शक काढून घेतला. तळघरात बसून जुन्या नमुन्यांना चिठ्ठ्या लावायच्या. जूनमध्ये शेरा आला, 'सहकार्याची वृत्ती कमी'. मग कंत्राटाचं पत्र.

शनिवारी कामगार सल्ला केंद्रात मीही बरोबर गेले. तिथल्या सल्लागार ओकुमुरा-सान शांतपणे म्हणाल्या, "अपमान झाला ही एक गोष्ट. तक्रार केली म्हणून त्रास दिला, ही वेगळी. त्यासाठी आधी तक्रार केल्याचंच दाखवावं लागेल."

"व्यवस्थापक म्हणतात, मी खोलीतल्या थंडीबद्दल बोलायला आले होते," पद्मिनी म्हणाली आणि तो मेल दाखवला.

ओकुमुरा-साननी दोनदा वाचला. "यात तारीख आहे, माफी आहे. तक्रार कशाबद्दल, ते कुठेच नाही. हा तुमच्याच विरुद्ध वापरतील."

परतताना ट्रेनमध्ये ती म्हणाली, "मंजूताई, मिठाईचा डबा न्यायला लावला असतात तर निदान त्याची पावती तरी असती." मी हसले नाही. तीही नाही.

फेब्रुवारीत पद्मिनीने तोंडी तक्रार केली तेव्हा व्यवस्थापकांच्या खोलीत हिसादा नावाची सहकारी होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "मला पुढेही इथेच काम करायचंय." तिच्यावर तरी काय रागवायचं! आज पद्मिनीने लेखी तक्रार दिली, तारखांसकट. व्यवस्थापक कागद घेऊन म्हणाले, "कंत्राट वाढणार नाही म्हटल्यावर सुचलं का?" म्हणजे तेव्हा तोंडी केली ती केलीच नाही, आणि आता लेखी केली ती सूड म्हणून. सकाळपासून माळ हातात आहे, पण जप पुढे सरकत नाही.

आता मी माझं निवेदन लिहायला घेतलंय: ती त्या संध्याकाळी काय सांगत आली आणि माफी मी कशी लिहायला लावली. आमचे हे म्हणाले, "मैत्रिणीचा शब्द कोण धरणार?"

नाही धरला तर नाही. पण तो मेल का गेला, हे तिच्याखेरीज मलाच ठाऊक आहे. सोमवारी ओकुमुरा-सानकडे सही करून देणार आहे.