झोळीतली टाकी

सरकारी अर्जात मी आयुष्यात एकदाच थाप मारली आणि ती मला पुरून उरली. 'स्वतःचे वाहन आहे' असं ठणकावून लिहिलं. तेव्हा माझ्याकडे साधी सायकलही नव्हती.

थापेला कारण होतं. मी कर्जतकडच्या एका दवाखान्यात सरकारी नर्स होते आणि माझी बदली पार समुद्राच्या अंगाला, श्रीवर्धनकडे घाटत होती. घरात आई आणि मी, दोघीच. वडील जाऊन सहा वर्षं झालेली. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, पण हट्टात कुठेच कमी नाही. बदलीचं कानावर गेल्यापासून एकच पालुपद. "मी ह्या बौद्धवाड्यातनं हालायची नाय. तुला जायाचं तर जा की खुशाल. मी काय मरत नाय." म्हणायला काय जातं! विहिरीचं पाणी कोण ओढणार होतं? तांदळातले खडे तिला दिसत नव्हते, साप दिसला असता का? तिला एकटीला टाकून जायच्या विचारानं मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी चिडते. ही माझी जुनी खोड.

कचेरीत कळलं की डोंगराच्या कडेच्या गावांना आणि वाड्यांना फिरती नर्स हवी आहे. तिच्याकडे स्वतःचं वाहन असेल तर बदली रद्द. म्हणून ती थाप. मग आठवड्याच्या आत रसायनीच्या एका कारकुनाकडून मी जुनी स्कूटर घेतली. रंग झकास, हॉर्न झकास. "दोन पावसाळे गोठ्यातच उभी होती, अगदी जपलीय," तो म्हणाला. मी बावळट, खूश झाले. दोन पावसाळे रिकाम्या टाकीनं उभी होती का, हे विचारायला हवं होतं.

चालवायला मी चार दिवसांत शिकले. पण गाडी मैलभर जायची आणि आचके देत बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा मैलभर, पुन्हा आचके. बाई स्कूटर चालवते हाच तेव्हा तमाशा होता, त्यात मी रस्त्याकडेला पदर खोचून तिच्याशी भांडत उभी. शेतातनं हाका यायच्या, "नर्सबाई, पेशंट दगावला काय?"

अशात पत्र आलं. जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई येत्या सोमवारी येणार आणि माझ्याच वाहनावर मागे बसून डोंगराकडेच्या कोंडाणे गावाला फेरी करणार. वाहन ठीक असेल तर मी इथे, नाहीतर बदलीचा हुकूम तयारच होता. त्या दिवशी मंगळवार होता.

कर्जतच्या मिस्त्रीनं सीट उचलून टाकीत बॅटरी मारली आणि मला बोलावलं. "बगा. ही टाकी नाय, चहाची किटली हाय." आत तांबडा चिखल आणि गंजाचे पापुद्रे. ते पापुद्रे नळीत अडकायचे, पेट्रोल थांबायचं. नवी टाकी मुंबईहून यायला महिना लागणार होता.

"मग आतून घासा ना!" मी ओरडले.

"हात जातो का आत? खडे घालून दोन दिवस हालवत बसावं लागंल. मला येवढा येळ नाय, बाई."

मी टाकी काढून घेतली आणि एसटीतून मांडीवर घेऊन घरी आले. आईनं तिच्यात बोट घालून पाहिलं, वास घेतला, नाक मुरडलं. "येवढंच ना? तांब्याचा हंडा चिंचंनं निघतो, मग हिला काय धाड भरलीय?" तिनं बरणीतली गेल्या सालची चिंच काढली, नारळाएवढा गोळा कोमट पाण्यात कोळला. नदीवरून मी बारीक खडे आणले, ते तिनं सुपात पाखडूनसुद्धा घेतले. मी म्हटलं, आई, भात नाही घालायचाय. तर म्हणे, "माती कशाला घालायची आत? आदीच काय कमी हाय?"

टाकी हातानं हलवून पाहिली. दहा मिनिटांत माझे खांदे गेले. मग मला सुचलं. रोज बाळंतिणींच्या घरी माझी ये-जा, दुसरं काय सुचणार? आईचं जुनं लुगडं आढ्याला बांधून झोळी केली, टाकी तिच्यात निजवली आणि दोरी आईच्या हातात दिली. आईनं झोका दिला, आत खळखळ झाली, आणि सवयीनं तिनं अंगाईच सुरू केली.

"आई, तिला झोपवायची नाही, धुवायचीय!"

"गप गं. तोंड चाललं तर हात चालंल."

आमच्या वाड्यात झोळी टांगलेली दिसली आणि आतून अंगाई ऐकू आली की कुणी काही विचारत नाही. बाळाला फक्त रिकाम्या हातानं बघायचं नसतं. माझं लग्न झालेलं नव्हतं, पण लोकांनी आपापल्या मनानं ठरवलं की नर्सबाईनं डोंगरातलं कुणाचं तरी पोरकं पोर आणलंय. दुपारी शेजारच्या काकू नवं टोपडं घेऊन हजर. ओठावर बोट ठेवून, पाय न वाजवता आत आल्या, अलगद लुगडं बाजूला केलं.

"आगं बया बया! ह्ये काय जल्माला घातलंस गं?"

हसून हसून त्या ओटीवरच बसल्या. आईनं मात्र संधी सोडली नाही. "आलीस ना? मग दे शंभर झोके." काकूंनी दिले. आणि गंमत अशी की बाहेर गेल्यावर त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. आपण एकटीनंच का फसावं? पुढच्या दोन दिवसांत सहा जणी आल्या. कुणी दुपटं आणलं, कुणी काजळाची डबी. एकूणएक जणी फसल्या, प्रत्येकीनं झोके दिले, आणि सगळ्या जणी साळसूद चेहऱ्यानं घरी गेल्या. झोळी थांबलीच नाही म्हणा ना.

शुक्रवारी आतलं सगळं ओतलं. सोड्याच्या पाण्यानं धुतली, उन्हात पालथी घातली. आतून अशी लखलखीत की आई म्हणाली, हिच्यात ताक ठेवलं तरी चालंल. शनिवारी मिस्त्रीनं ती बसवली, पेट्रोल ओतलं, आणि टाकीच्या बुडातून तीन ठिकाणी टपटप सुरू झाली.

मिस्त्रीनं घाईघाईनं पेट्रोल परत काढलं आणि डोकं खाजवलं. "गंजानंच टाकी धरून ठिवली व्हती, बाई. तुमी आधारच काढलात."

मी भर रस्त्यात रडले. घरी येऊन ती टाकी आईसमोर आदळली. "तुझ्या चिंचेनं वाटोळं केलं माझं! आता जाते मी श्रीवर्धनला, आणि बस तू इथं एकटी!" मला लगेच वाईट वाटलं, पण बोललेलं परत कुठे घेता येतं?

आईनं चुलीवर मोठं पातेलं चढवलं. उकळत्या सोड्याच्या पाण्यानं टाकी दोनदा खंगाळली, काखोटीला मारली आणि निघाली. मी मागोमाग. गावाबाहेर चिंचेखाली कल्हईवाला भाता लावून बसला होता. त्यानं टाकी पाहून हात जोडले. "मावशी, पेट्रोलचं भांडं मी घेत नाय. उडून जाईन वर!"

"वास घे आदी," आई म्हणाली.

त्यानं घेतला. "येतोय जरासा."

आई टाकी घेऊन परत घरी, पुन्हा उकळतं पाणी, पुन्हा चिंचेखाली. अशा तीन खेपा झाल्या. चौथ्यांदा वास आला नाही, तेव्हा त्या बिचाऱ्यानं मान लांब ठेवून, डोळे बारीक करून तिन्ही भोकांना घागरीला देतात तसे डाग दिले. पाणी भरून पाहिलं. एक थेंब गळला नाही. रविवारी मिस्त्रीनं ती परत गाडीला बसवली.

सोमवारी डॉक्टरीणबाई आल्या. अंगानं भरलेल्या, चेहऱ्यावर हसू औषधाला नाही. मागे बसल्या आणि त्यांनी माझा खांदा जो धरला तो कोंडाण्यापर्यंत सोडला नाही. मला रस्ता दिसतच नव्हता, मी फक्त आवाज ऐकत होते. मैल झाला, दुसरा झाला, गाडी खडखडत राहिली पण आचका नाही. कोंडाण्यात त्यांनी बाळं तपासली, वह्या तपासल्या. परतल्यावर म्हणाल्या, "गाडी तुमची बरी आहे. रस्ता वाईट आहे." आणि माझ्या कागदावर सही केली.

मी घरी उड्या मारतच पोचले. "आई, राहिले गं मी! बदली रद्द!"

आई ओटीवर बसली होती. "बरं झालं," इतकंच म्हणाली. तिच्यामागे पत्र्याची मोठी पेटी दोरीनं आवळून ठेवलेली. शेजारी गाठोडं.

"हे काय? माझं सामान बांधलंस? एवढाही भरवसा नाही?"

गाठोडं सोडलं तर वरच आईची दोन लुगडी. खाली तिची पानसुपारीची चंची, तिचा तवा, वडिलांचा फोटो.

"तुझं पेटीत हाय," ती म्हणाली. "ह्ये माझं."

"तू तर हलणार नव्हतीस!"

"मग काय तुला येकटीला धाडणार व्हते? त्वांडानं म्हनायचं आसतं तसं. मी कवाच ठरवलं व्हतं. समुद्रबी बगितला नाय मी कधी."

"मग बोलली का नाहीस? आठ दिवस मी जिवाचं रान करतेय!"

"तू त्या टाकीच्या येवढी मागं लागलीस, मला वाटलं तुलाच हितनं जायाचं नाय. म्हून मीबी हालवत बसले."

मला भयंकर राग आला. मी तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि ढसाढसा रडले. तिनं थोडा वेळ पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आता पुरं. ती पेटीची दोरी सोड आदी. वरवंटा पार तळाला हाय, आन् वाटण व्हायचंय अजून."