मंजुताईनं लावलेलं कुलूप

आमच्या मंजुताईला सुट्टी म्हणजे काय, ते आठवतही नसेल. आठवडाभर ऐरोलीच्या कंपनीत काम आणि शनिवारी सानपाड्यात आमच्या सातारकर मंडळाची वेठबिगारी! मंडळाची वधू-वरांची वेबसाइट तिनंच मोफतच्या सर्व्हरवर उभी केली. अध्यक्ष शहाजीकाका एपीएमसीत कांद्याचे व्यापारी. त्यांना वाटतं, बटण दाबलं की झालं.

मे महिन्यात मला एका माणसाचे फोन सुरू झाले. "राजलक्ष्मी, खाली ये ना." दिवसातून सहा-सात वेळा. मी जाम घाबरले. माझा नंबर, पत्ता मंडळाच्या साइटवर होताच.

ताईला सांगितलं, तर तिचा चेहराच पडला. "साइटला कुलूप नाही गं. पासवर्डसुद्धा उघड्यावरून जातो, मधला कुणीही वाचेल. चूक माझीच."

शनिवारी तिनं डबासुद्धा उघडला नाही. साइट नव्या सर्व्हरवर हलवली, कुलपासाठी लागणारं मोफतचं सर्टिफिकेट मागवलं, ते येईना. साइटचं नाव अजून जुन्याच सर्व्हरकडे जात होतं. ते बदललं, तासभर थांबलो. सर्टिफिकेट आलं, तर साइटच उघडेना! कुलूपबंद मजकूर ज्या दारानं ये-जा करतो, ते सर्व्हरचं चारशे त्रेचाळीस नंबरचं दार उघडायचं राहिलं होतं. मधेच काकांचा फोन, "झालं का गं? उद्या मेळावा हाय!"

"डोक्याचा पार भुगा झाला," ताई म्हणाली. पण संध्याकाळी साइटच्या पत्त्याशेजारची 'सुरक्षित नाही' ही पाटी गेली. मला तर रडूच आलं.

रविवारी काकांनी माइकवर सांगितलं, "आपल्या लेकींची माहिती आता एकदम सेफ!" टाळ्या पडल्या. ताई खुर्चीत पेंगत होती.

बाहेर टेबलावर पुस्तकांचे गठ्ठे होते. वधू-वर सूची. ताईनं एक उघडलं. बावीस नंबरच्या पानावर मी! फोटो, मोबाइल, पत्ता, अगदी फ्लॅट नंबरसकट.

"काका, हे काय?"

"दरवर्षी छापतो की! गेल्या साली राजीबी होती त्यात, मार्केटात गाळ्यागाळ्यावर वाटली."

ताई टेबलाशी बसली. एकेक पुस्तक घेऊन बावीस नंबरचं पान फाडायला लागली.

"ताई, आणि बाकीच्या पोरी?" मी विचारलं.

तिचे हात थांबले. मग ती उठली, अख्खा गठ्ठा छातीशी धरून रिक्षाकडे निघाली.

"अगं मंजे, लोक मागतायत!" काका ओरडले.

"मागू देत," ती म्हणाली. "राजी, दुसरा तू उचल."