म्हणजे काय, सर?

माझी मावशी कॉलेजात इंग्रजी शिकवते, पण कथा-कविता नाही. घरी इंग्रजीचा गंध नसलेली मुलं नर्सिंगला, इंजिनिअरिंगला येतात. प्राध्यापक बोलताना ‘रूल ऑफ थम्ब’, ‘ग्रे एरिया’ असं काहीतरी सहज टाकून पुढे जातात. त्यातला शब्द न् शब्द ओळखीचा असतो, तरी सगळं डोक्यावरून जातं. ते डोक्यात उतरवायचं, हे मावशीचं काम. मी त्याच कॉलेजच्या लायब्ररीत आहे आणि तिचा वर्ग मला काचेतून समोर दिसतो.

बाकीचे शिक्षक असल्या वाक्प्रचारांची यादी पाठ करून घ्यायचे. मावशीला यादीचा तिटकारा. तिच्या वर्गाचा नियम एकच: कळलं नाही तर प्राध्यापकांच्या भर व्याख्यानात हात वर करायचा आणि विचारायचं, “म्हणजे काय, सर?” घरी जाऊन शब्दकोश उघडणाऱ्याला ती फैलावर घ्यायची. “तोवर सर पुढे गेले ना? मग कोशात काय सापडणार, कपाळ?”

पहिला हात नर्सिंगच्या एका मुलीने वर केला. सर म्हणाले होते, ‘बॉलपार्क फिगर’. ते चपापले, मग म्हणाले, अंदाजे आकडा. झालं, तिचं बघून सगळ्यांची भीड चेपली. प्राध्यापकांनी प्राचार्यांकडे तक्रार नेली की व्याख्यान शेवटापर्यंत पोहोचतच नाही. मला विचाराल तर ते आधीही कुणापर्यंत पोहोचत नव्हतं.

प्राचार्यांनी मावशीला बजावलं, हा नियम सोडा, यादी वाटा, नाहीतर वर्ग बंद करावा लागेल. मला धडकी भरली.

“मावशी, जरा नमतं घे ना.”

“मी घेतलं तर ही पोरंही जन्मभर नमतं घेतील. मग मी शिकवलं काय त्यांना?” तिने पर्स उचलली आणि वर्गावर गेली.

पुढच्या आठवड्यात प्राचार्य स्वतः तिच्या वर्गात आले. मी काम टाकून दारात उभी राहिले. ते गोड इंग्रजीत मुलांना सांगत होते की कॉलेजला ‘बिग पिक्चर’ बघावं लागतं आणि ‘अॅट द एंड ऑफ द डे’ काही निर्णय घ्यावे लागतात. मुलं एकमेकांकडे बघू लागली. पहिल्या बाकावर बसलेल्या मावशीने हात वर केला.

“म्हणजे काय, सर?”

ते हसले. “बाई, तुम्हाला तर माहीत आहे.”

“मला आहे. यांना नाही. आपल्या भाषेत सांगा.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. इंग्रजीत सहज निघालेलं आपल्या भाषेत काही केल्या तोंडातून निघेना.

“हा वर्ग बंद करायचा विचार आहे,” शेवटी ते म्हणाले.

मागून नर्सिंगच्या त्या मुलीने हात वर केला. “का, सर?”

मग आणखी एक हात, मग खिडकीजवळचे दोन, मग सगळा वर्ग. आयुष्यात कधी कुणापुढे तोंड न उघडलेल्या मीही दारातून हात वर केला. नोकरी गेली तर गेली, असं तेव्हा मला खरंच वाटलं.

प्राचार्यांनी सगळ्या हातांवरून नजर फिरवली आणि दाराकडे वळत म्हणाले, “बघू.”

मावशीचा हात अजून वरच होता. “बघू म्हणजे काय, सर?”

याचं उत्तर त्यांना अजून देता आलेलं नाही, आणि वर्ग चालू आहे.