लाल फडक्यांची तक्रार

ती लाल फडकी आजही डोळ्यांसमोर येतात. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी नगर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एक बंद पडलेला साखर कारखाना होता आणि त्याच्या जुन्या यंत्रांचं संग्रहालय केलेलं होतं.

एके सकाळी तिथले व्यवस्थापक तावातावाने ठाण्यात आले. फाटकावर निनावी पत्रकं लागत होती: 'यंत्रांना वरून रंग, आतून गंज. हा कसला जतनाचा कारभार?' खाली नुसतं 'जुने कामगार'. त्यावर कडी म्हणजे कुलूपबंद यंत्रघरात यंत्रं वरून बघण्यासाठी असलेल्या उंच लोखंडी पुलाला कोणीतरी लाल फडकी बांधून जात होतं.

"परवा शाळेची सहल आहे, साहेब. ही उघड धमकी आहे," ते म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. अज्ञात इसमाविरुद्ध अर्ज घेतला आणि हवालदारांना कामाला लावलं.

त्याच दुपारी बाजारातल्या शिंप्याकडून खबर आली. लाल चिंध्या एक म्हातारा मागून नेत होता. कारखान्यातला निवृत्त फिटर. त्याची सून संग्रहालयातच तिकीट खिडकीवर होती, तीही कंत्राटावर.

म्हाताऱ्याला बोलावून तासभर विचारपूस केली. "मला काय बी ठावं न्हाई," यापुढे तो जाईना. शेवटी मी आवाज चढवला. सत्तरीच्या माणसावर ओरडलो, याची आजही लाज वाटते.

त्या दिवशी ठाण्याच्या छतावर वायरमनचं काम चाललं होतं. पंखे बंद, उकाडा मरणाचा. हवालदारांनी वैतागून मेन स्विचकडे हात नेला, तोच म्हातारा ओरडला, "हात लावू नगा! फडकं बांधलंय, दिसंना व्हय?"

स्विचला खरंच लाल चिंधी होती, वायरमनने बांधलेली. वर माणूस आहे हे आम्ही साफ विसरलो होतो. हवालदारांनी झटकन हात मागे घेतला.

मी खुर्ची ओढून म्हाताऱ्याजवळ बसलो. "बाबा, पुलावर फडकी कशासाठी?"

"त्याच्यासाठीच की, साहेब. फडकं म्हंजी काम बाकी हाय, कुनी जाऊ नये. पत्रा पार कुजलाय. पयल्या पत्रकात लिवलं, तर ह्यांनी वरनं रंग मारला. परवा पोरं चढत्याल त्याच्यावर." मग त्याने हात जोडले. "माझं नाव लिवा. पर सुनंची नोकरी घालवू नगा."

त्याला घरी पाठवून मी एकटाच संग्रहालयात गेलो. व्यवस्थापकांसमोर पुलाच्या चकचकीत निळ्या पत्र्यावर काठी दाबली. ती आरपार गेली. त्यांचा चेहरा उतरला. पूल तिथल्या तिथे बंद झाला, अर्जही मागे घेतला गेला आणि माझा जीव भांड्यात पडला.

मी बाहेर पडताना व्यवस्थापकांनी विचारलं, "पण तो होता कोण?"

तिकीट खिडकीतल्या बाईचा हात थांबला. तिच्या मागेच यंत्रघराची किल्ली टांगलेली होती. कुलूपबंद जागेत फडकी कोणी नेली, हे मी म्हाताऱ्याला विचारलंच नव्हतं.

"सापडला नाही," मी म्हणालो.

निनावी माणसाला शोधण्याआधी तो काय सांगतोय ते जाऊन बघावं, एवढं साधं शहाणपण मला निवृत्तीच्या तोंडावर आलं.

सहलीच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. मुलं खाली उभी राहून यंत्रं बघत होती. पुलाच्या पायरीला व्यवस्थापकांनी स्वतः लाल फडकं बांधलं होतं. गाठ सैल होती. सून खिडकीतून उठून आली आणि सगळ्यांदेखत तिने ती घट्ट बांधली.