निगातातलं मखर

हा किस्सा ऐकून खुशाल हसा, पण आमच्याकडे आलात तर माझ्या हातात करवत देऊ नका, एवढं आधी कबूल करा.

उरायासु शहरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कूस बदलायलाही जागा नाही, म्हणून आम्ही निगाताच्या डोंगराकडे एक आख्खं घर भाड्याने घेतलं. माझं काम घरूनच, त्यामुळे अडत काहीच नव्हतं. घरमालकीण आजी मुलाकडे ओसाकाला निघाल्या होत्या. जाताना बाहेरच्या भिंतीवर हात फिरवत म्हणाल्या, "हे साइडिंग, हे वरचे तक्ते, यजमानांनी त्यांच्या शेवटच्या वर्षी बसवून घेतले. थंडीत तेवढं सांभाळा. लागेल ते सगळं शेडमध्ये आहे."

"निश्चिंत राहा," मी म्हटलं. पुण्यात आमची थंडी एका स्वेटरात भागायची. मला काय ठाऊक?

शेडमध्ये काय असावं? देवदाराच्या लांबच लांब, गुळगुळीत फळ्या. आणि गणपती तोंडावर आलेले! उरायासुत दरवर्षी पुठ्ठ्याचं मखर करून मी वैतागलो होतो.

"अरे, आजींना विचार तरी," मेधा म्हणाली. ती माझी बायको, म्हणजे घरातली अक्कल.

"त्याच म्हणाल्या ना, लागेल ते शेडमध्ये आहे म्हणून."

कापल्या. कमानी काढल्या, वर महिरप, सोनेरी रंग. शेजारच्या मोरिता-सान दर्शनाला आल्या. या निवृत्त संगीतशिक्षिका. त्यांनी हात जोडले, मोदक खाल्ला आणि मखराकडे बराच वेळ बघत राहिल्या. माझी कॉलर ताठ.

"हे थंडीपर्यंत असंच ठेवणार?"

"छे, पाचच दिवस."

त्यांनी केवढा मोठा सुस्कारा सोडला. मला वाटलं, कलेची कदर!

थंडीच्या तोंडावर एका रविवारी सगळी गल्ली बाहेर. जो तो शेडमधून फळ्या काढतोय आणि भिंतीवरच्या लोखंडी खाचांत एकावर एक सरकवतोय. बघता बघता घरंच्या घरं झाकली. तसल्याच खाचा आमच्या भिंतीवरही होत्या. त्यांत मी मनीप्लँट टांगले होते.

"छपरावरचा बर्फ घसरून भिंतीला टेकतो, तो वसंतापर्यंत हलत नाही," मोरिता-सान म्हणाल्या. "साइडिंगमध्ये पाणी मुरतं, गोठतं आणि तक्ते तडकतात. तुमच्या फळ्या काढायच्या ना?"

आजींची भिंत!

"त्यांच्या कमानी झाल्यात, मोरिता-सान."

"हो, पण पाच दिवसांनंतर…"

"कापल्यात."

त्या वळल्या आणि समोरच्या दारी गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने घराघरांतून जास्तीच्या फळ्या आल्या. कुणी मला एका शब्दाने विचारलं नाही. तरी एक कोपरा उघडा राहिला, तिथे माझं मखरच ठोकलं.

मग बर्फ आला. मी इतके दिवस ज्याला बर्फ म्हणत होतो, तो फ्रिजमधला. हा आवाज न करता येतच राहिला. सकाळी समोरचा रस्ता नाही, कुंपण नाही, गाडी नाही. तो डोंगरच्या डोंगर भिंतीला टेकलेला, मध्ये बोटभर जाडीच्या फळ्या करकरताहेत आणि आत आमचा चहा उकळतोय. मी थक्क झालो. घरात देवळातल्यासारखं हळू बोलायला लागलो. मेधाला ते फार आवडलं.

वसंतात फळ्या काढल्या. भिंत जशीच्या तशी. फक्त मखराच्या कोपऱ्यात साइडिंग भिजून तडकलं होतं, बरोब्बर महिरपीच्या आकारात.

मी व्हिडिओ कॉलवर आजींना ते दाखवलं आणि मान खाली घातली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

"सुबक आहे," त्या म्हणाल्या. "यजमानांना एवढी नक्षी जमली नसती."

मला भरून आलं. इतक्या मोठ्या मनाची माणसं!

यंदा गणपतीआधी दारात पुठ्ठ्याच्या खोक्यांची नीट बांधलेली चळत होती. वर सोनेरी रंगाचा डबा. शेजारी मोरिता-सान उभ्या.

"आजींनी पाठवायला सांगितलं," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा पुन्हा वाकून आभार मानले. तेवढ्यात शेडकडे लक्ष गेलं. दाराला नवंकोरं कुलूप.

"किल्ली माझ्याकडे आहे," मोरिता-सान हसून म्हणाल्या. "तुम्ही निश्चिंत राहा."